सतरा नंबरचा फॉर्म

दर राखीपौर्णिमेला मी पिंपळगावला जाते. पिंपळगाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातले पिंपळगाव बसवंत. नाशिकहून आग्रा रोडने निघाले की तासाभराच्या आत येते. तिथे माझे आजोळ. मामा जाऊन बरीच वर्षे झाली, पण मामी आहेत, दोन मामेभाऊ आहेत, आणि गावाबाहेर मळ्यात त्यांचे एकत्र घर आहे. द्राक्षाची बाग, थोडा कांदा, पावसाळ्यात टोमॅटो. ऑगस्टात त्या रस्त्याने जाणे हा एक सोहळाच असतो. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्या बाजार समितीकडे अशा काही निघालेल्या असतात, की आपली एस.टी. त्यांच्यामागून वरातीसारखी चालते.

२०२२ सालची राखी. ओवाळून झाले, जेवणे उरकली, मी पिशवी भरायला घेतली, तेवढ्यात धाकट्या वहिनीने मला आतल्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पण भावजय म्हणून मी तिला वहिनीच म्हणते आणि ती मला ताई. दार लोटलेले पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो पैशांचा. शेतकऱ्याच्या घरी पावसाळ्यात पैशाची ओढ असतेच. किती देता येतील, याचा हिशेबसुद्धा मी मनातल्या मनात करून टाकला.

"ताई, एक विचारू? पण हसायचं नाही."

"विचार की."

"मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय."

मी हसले नाही. कारण सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे काय, हेच मला चटकन आठवेना!

तुमच्यापैकी पुष्कळांची माझ्यासारखीच स्थिती असेल. आपल्या घरांत मुले शाळेत जातात, दहावी होतात, पेढे वाटतात. तो एक ऋतुक्रमच असतो म्हणा ना. ज्याची शाळा मध्येच सुटली त्याने पुन्हा त्या दारातून आत कसे यायचे, याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर येत नाही. तर, आपल्या राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने अशांसाठी एक दार ठेवलेले आहे. शाळेत नाव नसताना, घरी अभ्यास करून, खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. किमान पाचवी उत्तीर्ण असावे, वयाची चौदा वर्षे पुरी झालेली असावीत आणि शाळा सोडल्याचा दाखला असावा, एवढ्या अटी. वयाला वरची मर्यादा नाही. त्यासाठी भरायचा तो फॉर्म नंबर सतरा. आता तो संगणकावर भरतात, पण नाव तेच राहिले आहे. खेडोपाडी 'दहावीला बाहेरून बसलो' असे कोणी म्हणत नाही. 'सतरा नंबर भरला' म्हणतात.

वहिनीचे माहेर येवल्याकडचे, कोरडवाहू भागातले. नववी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. दहावीचे वर्ष सुरू झाले आणि दिवाळीच्या सुटीत आई आजारी पडली. दोन धाकटे भाऊ, वडील शेतावर. 'चार दिवस घरी राहा, आईला उठू दे,' असे वडील म्हणाले. त्यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. चार दिवसांचे चार महिने झाले, परीक्षा होऊन गेली, पुढे लग्न झाले, आणि ते चार दिवस पंधरा वर्षांनीही संपलेले नव्हते.

"पण आत्ताच कसं मनात आलं?" मी विचारले.

कारण अगदी व्यवहाराचे निघाले. वस्तीजवळच्या अंगणवाडीत ती आपल्या मुलाला पोहोचवायला जात असे. गाणी, गोष्टी, पाटीवरची अक्षरे यांत तिचे मन रमे. तिथल्या सेविकाबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "मी दोन-तीन वर्षांत निवृत्त होईन. तू दहावी असतीस, तर तुझं नाव पुढं करता आलं असतं." असतीस तर! त्या दोन शब्दांनी वहिनीची झोप उडवली. मानधन फार नसते, हे तिलाही ठाऊक होते. पण बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही आला तर. आणि तो तिच्या हातात येत नाही. दरमहा स्वतःच्या नावावर काही जमा होणे ही गोष्ट तिच्या माहेरी-सासरी कोणत्याच बाईच्या वाट्याला आलेली नव्हती.

मी तिला मोठ्या उत्साहाने शाबासकी दिली, पुण्याला आले आणि आमच्या चिरंजीवांची दहावीची सगळी पुस्तके बांधून पाठवली. ती इंग्रजी माध्यमाची होती, हे माझ्या ध्यानात आले ते आठवड्याने, तिचा फोन आल्यावर! "ताई, चित्रं छान आहेत," एवढेच ती बिचारी म्हणाली.

खरी परीक्षा पुस्तकांची नव्हतीच; दाखल्याची होती.

आपण दाखला फाइलीत लावून विसरून जातो. ज्याची शाळा अर्धवट सुटते, त्याचा दाखला बहुधा शाळेतच पडून राहतो, कारण कोणी मागायलाच जात नाही. वहिनी माहेरच्या शाळेत गेली, तर पहिल्या खेपेला लेखनिक रजेवर. दुसऱ्या खेपेला रजिस्टर सापडेना. तिसऱ्या खेपेला रजिस्टर सापडले, पण त्यातली जन्मतारीख आणि आधार कार्डावरची जन्मतारीख यांत सव्वा वर्षाचे अंतर! शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली आणि आधारवरची सासऱ्यांनी अंदाजाने सांगितलेली. खरी तारीख आईला ठाऊक. पण तिच्या हिशेबात ती 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' अशी, आणि पोळा काही मंडळाच्या फॉर्मवर बसत नाही. शेवटी आधारवरची तारीख दाखल्याप्रमाणे करून घेतली. पिंपळगाव ते येवले अशा पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला घरी सांगायचे काय? तर 'आईची तब्येत बरी नाही'. आईच्या आजारपणाने सुटलेली शाळा आईच्याच आजारपणाच्या थापा मारून परत मिळवावी लागली. दाखला हातात पडला तेव्हा फॉर्मच्या मुदतीला सहा दिवस उरले होते.

त्यात आणखी एक गंमत. फॉर्म भरायचा तो दाखल्यावरच्या नावाने. म्हणजे माहेरच्या नावाने. लग्नाला बारा वर्षे झाली, रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे नाव बदलले, पण परीक्षा मंडळाच्या लेखी ती अजून बापाची मुलगी. हॉलतिकिटावर आपले जुने नाव वाचून ती मला म्हणाली, "कुणीतरी खूप दिवसांनी हाक मारल्यासारखं वाटलं."

आता घरात सांगणे भागच होते. मामेभाऊ जरा गप्प झाला. 'बघ, जमेल का' म्हणाला. थोरल्या जाऊबाईंनी मात्र तोंडावर सुनावले, "आता काय कलेक्टर व्हायचंय?" त्यांचीच मुलगी त्या वर्षी दहावीत होती, काकू आणि पुतणी एका वर्षाच्या परीक्षेला, हे त्यांना कसेसेच वाटले असावे. मला भीती होती ती मामींची. मामी चौथी शिकलेल्या, बोलण्यात फटकळ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "संध्याकाळच्या भाकरी कोण करणार?" वहिनी म्हणाली, "मीच करीन." "मग शिक की," मामी म्हणाल्या. संपला विषय.

पण मंडळाचे वेळापत्रक आणि द्राक्षबागेचे वेळापत्रक यांचे वैर आहे, हे कोणी लक्षात घेतले नव्हते. बागेची गोड छाटणी ऑक्टोबरच्या आसपास. मग डोळे फुटतात, घड दिसतात. डिपिंग, विरळणी, औषधांच्या फवारण्या. नोव्हेंबर-डिसेंबरात घरातल्या बायकांना मान वर करायला सवड नसते. जानेवारीपासून काढणी सुरू होते आणि मार्च म्हणजे ऐन हंगाम. आणि दहावीची परीक्षा? मार्चातच. शहरातले आईबाप दहावीच्या वर्षी घरातला टीव्ही बंद करतात. द्राक्षाच्या मळ्यात काय बंद करणार?

तयार होत आलेल्या घडांना उन्हापासून जपण्यासाठी वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात. त्याला तिकडे पेपर लावणे म्हणतात. वहिनी फोनवर म्हणायची, "ताई, दिवसा पेपर लावायचे आणि रात्री पेपर सोडवायचे, हेच चाललंय." रद्दीत इंग्रजी वर्तमानपत्रेही येत. घडाला कागद लावता लावता ती मथळे वाचून काढी आणि अडलेला शब्द मनात धरून ठेवी. संध्याकाळी पुतणीला अर्थ विचारी. रात्री जेवणे झाल्यावर दोघी एका दिव्याखाली बसत. पुतणी काकूला बीजगणित समजावी, काकू पुतणीचे मराठीचे निबंध तपासून देई. जाऊबाई पलीकडच्या खोलीतून ऐकत असाव्यात. डिसेंबरात एक दिवस न सांगता त्यांनी दोघींसाठी दोन कप चहा आणून ठेवला, असे वहिनीने मला मुद्दाम कळवले.

फेब्रुवारी उजाडला. परीक्षा महिन्यावर आली. आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला शासनाचा निर्णय निघाला, की यापुढे अंगणवाडी सेविकेसाठी किमान शिक्षण बारावी उत्तीर्ण हवे.

दहावी नव्हे, बारावी.

मला हे वर्तमानपत्रात वाचूनच कळले. वहिनीला सांगावे की नाही? दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. तिला सेविकाबाईंनी सांगितले होते. ती रडत नव्हती, उलट आवाज अगदी सपाट होता. "ताई, पायरी चढावी तर जिना लांब होतो," म्हणाली. "आता बसू का नको परीक्षेला?"

मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी तिला एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते, कारण तिचा संबंध त्याच पिंपळगावाशी आहे.

अनुताई वाघ हे नाव आपण ऐकलेले असते ते कोसबाडच्या टेकडीमुळे. पण टेकडी फार पुढची. त्यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत कपाळ पांढरे झाले. त्या काळात अशा मुलीचे आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपायचे. अनुताई शिकल्या. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, १९२९ मध्ये शिक्षिकेचे ट्रेनिंग पुरे केले आणि त्यानंतरची चार वर्षे त्या नाशिक जिल्ह्यात, या चांदवड-पिंपळगावच्या भागातच, प्राथमिक शिक्षिका होत्या. एकोणीस-वीस वर्षांची पोर. १९३३ मध्ये त्या पुण्याला हुजूरपागेत शिकवू लागल्या. तोवर त्या मॅट्रिक नव्हत्या!

जुन्या वाचकांना फायनल आणि मॅट्रिक यांतला फरक सांगायला नको. फायनल ही मराठी सातवी. तिच्यावर प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. मॅट्रिक ही विद्यापीठाची परीक्षा. कॉलेजचा दरवाजा तिनेच उघडे. मॅट्रिकची पुढे एस.एस.सी. झाली आणि १९७५ पासून ती अकरावीऐवजी दहावीला येऊन बसली. अनुताई दिवसा शाळेत शिकवीत आणि संध्याकाळनंतर स्वतः रात्रशाळेच्या बाकावर बसत. अशा रीतीने १९३७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणात आयुष्य घातले. ते करता करता १९६१ मध्ये बी.ए. झाल्या. तेव्हा वय एक्कावन्न.

आणि ऐका. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, ही कल्पना ताराबाई आणि अनुताई यांनी तिथेच राबवली. त्यांची अंगणवाडी ती हीच. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. म्हणजे ज्या अंगणवाडीच्या नोकरीसाठी वहिनी धडपडत होती, ती जिने घडवली ती बाई एकेकाळी वहिनीच्याच पंचक्रोशीत, मॅट्रिक नसताना, पोरांना शिकवीत होती. आजच्या नियमाने १९२९ च्या अनुताई अंगणवाडी सेविकासुद्धा होऊ शकल्या नसत्या! नियम करणाऱ्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. लहान मुलांना शिकवणारी बाई अधिक शिकलेली असावी, हे ठीकच आहे. पण ज्यांनी जुन्या नियमावर विश्वास ठेवून फॉर्म भरले, त्यांना दोन-चार वर्षांची सवड द्यायला काय हरकत होती, असे मला अजून वाटते.

वहिनीने सगळे ऐकले. "त्या मॅट्रिक झाल्या तेव्हा सत्तावीसच्या?" एवढेच विचारले. मग म्हणाली, "मी एकतीस. फार नाही म्हणजे."

ती परीक्षेला बसली.

पहिल्या दिवसाची हकिकत तिच्याच तोंडून ऐकण्यासारखी आहे. नेसूची साडी, हातात हॉलतिकीट, सगळीकडे पंधरा-सोळा वर्षांची पोरे. वर्गात शिरली तर पर्यवेक्षक पाठमोरेच म्हणाले, "मावशी, पाण्याची बाटली इकडं टेबलावर ठेवा." त्यांना वाटले शाळेची शिपाईण. वहिनीने कोपऱ्यातली बाटली उचलून टेबलावर ठेवली आणि मग शांतपणे जाऊन आपल्या नंबरच्या बाकावर बसली. "खोटं नाही सांगत ताई, ते बिचारे पेपरभर माझ्याकडं बघेचनात," ती हसत सांगत होती. मी विचारले, तू बाटली ठेवलीस कशाला? "पाणी तर सगळ्यांनाच लागतं," म्हणाली.

मराठी, हिंदी, इंग्रजी झाले. गणित झाले. आणि मार्चच्या मध्यावर, विज्ञानाचे पेपर चालू असतानाच, नाशिक जिल्ह्यावर अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या. २०२३ चा तो मार्च तिकडचा शेतकरी विसरणार नाही. तयार द्राक्षावर गार पडली की मणी तडकतो, आणि तडकलेल्या मण्याला व्यापारी हात लावीत नाही. त्या रात्री घरातली सगळी माणसे बागेत होती. वहिनीही होती. पहाटे चारला घरी आली, आंघोळ केली, पुस्तक उघडले, तर डोळ्यांपुढे अक्षर ठरेना. घरात बाई परीक्षेला निघावी असे वातावरण नव्हते. ती ओसरीवर नुसती बसून राहिली. तेव्हा भावाने गाडी काढली. रात्रभर एक शब्द न बोललेला तो माणूस म्हणाला, "चल, उशीर होईल. बाग काय, पुढच्या वर्षी येईल."

निकाल जूनच्या २ तारखेला लागला. पुतणीला ब्याऐंशी टक्के. काकूला मराठीत एकोणसत्तर, इंग्रजीत काठावर, विज्ञानात चाळीस, आणि गणितात एकोणतीस. पस्तिसाला सहा कमी. नापास.

पेढे आणलेले होते पुतणीसाठी. वहिनीनेच ते वाटले.

आमच्या वेळी नापास झालेल्याला ऑक्टोबरची वारी करावी लागे. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा लगेच जुलैत होऊ लागली, ही चांगली सोय आहे. अभ्यास विसरायला वेळ मिळत नाही. पण ही सोय नसती तर? त्या दिवसांत मी मनाला लावून घेऊन चौकशी केली आणि मला कळले ते आधी कळायला हवे होते. नोएडाची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. १९८९ मध्ये ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. तिच्या दहावीला पाच विषय आपल्या पसंतीने घेता येतात, गणित सक्तीचे नाही, आणि परीक्षा पुरी करायला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. महाराष्ट्रानेही आता आपले राज्य मुक्त विद्यालय मंडळ काढले आहे. त्याच्या पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा परीक्षा आहेत. वहिनीला मी शाबासकी दिली, पुस्तके दिली, अनुताईंची गोष्ट दिली. पण ही माहिती दिली नाही, कारण मीच शोधली नव्हती. तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई, गाडी चालवणारा मुलगा, दुकानातला पोरगा यांच्यापैकी कोणी विचारले, तर माझ्यासारखे करू नका. आधी चौकशी करा, शाबासकी मग द्या.

ही धडपड आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात शाळा अर्धवट टाकून सैन्यात गेलेल्या मुलांसाठी १९४२ मध्ये समकक्ष परीक्षा निघाली. तिला तिकडे जी.ई.डी. म्हणतात आणि ती आजही चालू आहे. आपल्या देशात दुर्गाबाई देशमुखांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. आपले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या त्या पत्नी. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिलेले होते. ते बंधन त्यांनी पुढे झुगारले, आणि तुरुंगवास भोगल्यानंतर बनारसची मॅट्रिक बाहेरून दिली. पुढे मद्रासला मुलींना त्याच मॅट्रिकसाठी शिकवता शिकवता त्यांची आंध्र महिला सभा उभी राहिली. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी त्या मंडळाने १९५८ मध्ये संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, त्यामागे हा स्वतःचा अनुभव होता.

जुलैत टोमॅटोची लागवड चालू होती. या वेळी पुतणीची अकरावीची धावपळ. तिला वेळ नव्हता. मग गणित कोणी घेतले असेल? जाऊबाईंनी! त्या सातवीपर्यंतच शिकलेल्या. पण पुतणीने जाताना उदाहरणांची वही आणि उत्तरे लिहून दिली होती. जाऊबाई वही हातात धरून बसत, वहिनी उदाहरण सोडवी, आणि उत्तर जुळले नाही की जाऊबाई म्हणत, "चुकलं. पुन्हा कर." कुठे चुकले ते त्यांना सांगता येत नसे. "पण पुन्हा कर म्हणणारं कुणीतरी लागतं हो," वहिनी म्हणते. गणितात एक्केचाळीस मिळाले.

गुणपत्रिका घेऊन ती मामींना दाखवायला गेली. मामींनी कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "यात आमचं नाव कुठंय?" माहेरचे नाव छापलेले ना! वहिनी घाबरली. मामींनी कागद परत दिला. "असू दे. तिकडच्यांनी नववीपर्यंत शिकवलं होतं, त्यांचंही नाव राहू दे कुठंतरी."

त्यानंतर तिने बारावीचा सतरा नंबर भरला, कला शाखेचा. २०२५ च्या फेब्रुवारीत परीक्षा दिली, ५ मेला निकाल लागला, आणि या वेळी पहिल्याच खेपेला पास झाली. बारावीत गणित नव्हते, हे तिचे स्पष्टीकरण. सेविकाबाईंची जागा अजून रिकामी झालेली नाही. नव्या नियमात वयाची मर्यादाही आहे, आणि ती मर्यादा वहिनीच्या वयाकडे दरवर्षी एकेक पाऊल टाकत येते आहे. जागा आधी रिकामी होते की मर्यादा आधी गाठते, ते आत्ता सांगता येत नाही. मध्यंतरी तिने द्राक्षाच्या एका पॅकिंग हाऊसमध्ये हंगामापुरते नोंदी लिहिण्याचे काम धरले. 'दहावी पास' विचारले होते तिथे. आधीच्या वर्षी याच ठिकाणी ती खाली बसून घड साफ करण्याच्या रांगेत होती. आता खुर्ची मिळाली. पहिल्या पगारातून तिने सासूबाईंना चष्मा करून दिला.

या राखीला मी गेले तेव्हा ओवाळणी झाली, जेवणे झाली. पिशवी भरत होते, तर या खेपेला थोरल्या जाऊबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावले आणि दार लोटले.

"वन्सं, पाचवी पास असलं तरी फॉर्म भरता येतो म्हणे. खरं का?"

"खरं आहे," मी म्हटले. "शाळेचा दाखला आहे का तुमच्याजवळ?"

त्या विचारात पडल्या. दाखला सिन्नरकडच्या त्यांच्या शाळेत असेल, किंवा नसेल. सोमवारी वहिनी त्यांच्याबरोबर जाणार आहे. रजिस्टर कुठल्या कपाटात ठेवतात ते तिला आता ठाऊक आहे.